पान पिवळं, शिरा हिरव्या

आमच्या दुकानात शिरल्याबरोबर डाव्या हाताला जे शेल्फ आहे ना, त्यावरच्या सगळ्या बाटल्या टॉनिकच्या. कृषी केंद्र आहे माझं, वरुडच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात. खतात मार्जिन नाही, बियाण्यात थोडंफार, आणि उधारीत बुडतं ते वेगळंच, पण टॉनिकच्या बाटलीवर बरे पैसे सुटतात म्हणून ते शेल्फ मी मुद्दाम गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर येईल असं लावलंय. बाटलीवर हिरवंगार झाड, लटकलेली केशरी फळं, आणि आत काय, तर समुद्री शेवाळाचा अर्क, थोडं ह्युमिक, थोडं अमिनो, असं काहीबाही. वाईट नसतं ते. झाड मरत नाही त्यानं. झाड धडधाकट असलं तर फारसा फरक दिसत नाही, झाड खरंच आजारी असलं तरी बहुतेक वेळा दिसत नाही, पण शेतकऱ्याला वाटतं आपण झाडासाठी काहीतरी केलं आणि मला वाटतं आज गल्ला बरा झाला. चौदा वर्षं हेच चाललंय. आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी दुसऱ्याच्या टॉनिकला नावं ठेवणार आहे, तेव्हा तुम्ही म्हणाल, का गा, तू काय विकतो मग?

तर झालं असं. माझी पुतणी बबली, मोठ्या भावाची पोरगी, मागच्या वर्षी बारावीत होती, सायन्स, आणि नीटची तयारी. सकाळी एसटीनं तालुक्याला कॉलेज, मग क्लास, मग तिथल्याच अभ्यासिकेत संध्याकाळपर्यंत, आणि घरी आली की जेवून पुन्हा पुस्तक. दिवाळीनंतर आंबिया बहाराची तोड सुरू होती, घरात सगळे बागेच्या मागे, आणि ही पोरगी एक दिवस रडायलाच लागली, म्हणे काका, वाचलेलं डोक्यात राहूनच नाही राह्यलं, एक पान तीनदा वाचतो तरी चौथ्यांदा कोरं. (आमच्याकडे पोरीही ‘वाचतो’, ‘जातो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

त्याच आठवड्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दुकानात आले. आधी विम्याचं करायचे, मग पाण्याच्या फिल्टरचं, आता चेन मार्केटिंगमधल्या आरोग्याच्या गोळ्यांचं. त्यांनी काउंटरवर डबा ठेवला आणि डावीकडच्या शेल्फकडे बोट दाखवून म्हणाले, “भाऊ, झाडाले टॉनिक देता, अन् पोरीच्या मेंदूले काहीच नाही?”

आता यावर काय बोलणार. माझंच वाक्य होतं ते, मी रोज गिऱ्हाइकाला म्हणतो, लेकराले खुराक देतो ना, मग झाडाले कायले नाही. साठ गोळ्या, सोळाशे पन्नास रुपये. दिले.

रात्री डब्याची मागची बाजू वाचायला घेतली. अक्षर इतकं बारीक की मोबाइलनं फोटो काढून मोठं करावं लागलं. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जिन्को, अक्रोडाचा अर्क, अजून तीन नावं, आणि पुढे लिहिलेलं, प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिलिग्राम. म्हणजे आठ वस्तू मिळून पाचशे, त्यात कोणती किती ते त्यांचं गुपित. आणि एकदम खाली, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. हे वाक्य डब्यावर छापणं कायद्यानंच भाग आहे, कारण असल्या गोष्टी औषध म्हणून नाही तर खाद्यपदार्थाच्या नियमाखाली विकल्या जातात, पण समोर मेंदूतून वीज निघताना दाखवायची आणि मागे मुंगीच्या अक्षरात म्हणायचं की बाबा हे औषध नाही, ही कलाकारी मला धंदेवाला म्हणून ओळखीची वाटली. माझ्याकडे खताच्या पोत्यावर १९:१९:१९ लिहिलेलं असलं तर आत तेवढं असावंच लागतं, १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, इन्स्पेक्टर येऊन नमुना नेतो. टॉनिकवाले मात्र बरीच वर्षं मोकाट होते, २०२१ मध्ये कुठं त्यांनाही त्या आदेशात ओढायला सुरुवात झाली.

मी बीएस्सी अ‍ॅग्री केलेला माणूस, डॉक्टर नाही, पण प्रयोग कसा वाचायचा एवढं शिकवलंय आम्हाला. किती प्लॉट, कंट्रोल होता का, किती दिवस. त्या हिवाळ्यात रात्री दुकान बंद केल्यावर मी हेच वाचत बसायचो.

ब्राह्मीपासून सुरू केलं कारण ती आपली. आधी घोळ नावातच आहे, ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक नीरब्राह्मी, ओलाव्याला पसरणारी, जाड बारक्या पानांची, आणि दुसरी मंडूकपर्णी, गोल पानांची. चरकसंहितेत बुद्धीसाठी जी चार रसायनं, म्हणजे ताकदीची औषधं, सांगितलीत त्यात मंडूकपर्णी आहे, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहे. आणि शंखपुष्पी म्हणून बाजारात तर तीन-चार वेगवेगळी झाडं फिरतात, त्यात आपला कुंपणावरचा गोकर्णही येतो. आधुनिक चाचण्या बहुतेक नीरब्राह्मीवर झाल्या, आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं तिच्यावर बरंच काम केलंय. २००२ साली ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर तीन महिन्यांची चाचणी झाली, अर्ध्यांना ब्राह्मी, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. निघालं काय, तर शिकण्याचा वेग दोघांचा सारखाच, पण शिकलेलं विसरण्याचं प्रमाण ब्राह्मीवाल्यांत कमी. म्हणजे काहीतरी आहे त्यात, मी उगाच नाकारणार नाही. पण अशा चाचण्यांमध्ये साधारण ३०० मिलिग्राम प्रमाणित अर्क, रोज, १२ आठवडे देतात. आमच्या डब्यात आठ जणांच्या गर्दीत ब्राह्मीच्या वाट्याला पन्नास-साठ आलं असेल तर डोक्यावरून पाणी. आणि चाचण्यांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते, पोटात कळ, मळमळ, शौचाला जास्त वेळा जावं लागणं. बबलीनं नऊ दिवस गोळ्या घेतल्या आणि दहाव्या दिवशी क्लासमधून दोनदा पळावं लागलं म्हणून डबा माझ्या टेबलावर आपटला. ब्राह्मीमुळं की बस स्टँडवरच्या समोशामुळं, देव जाणे.

जिन्को म्हणजे एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क, त्याची गोष्ट तर सरळच आहे. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या ३,०६९ माणसांना सरासरी सहा वर्षं एक तर जिन्को दिलं, १२० मिलिग्राम दिवसातून दोनदा, नाहीतर खोटी गोळी. २००८ ला निकाल आला. खोट्या गोळीवाल्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला आणि जिन्कोवाल्यांत २७७ जणांना. फरक योगायोगाचा धरला तरी फायदा कुठंच दिसत नाही. एवढा मोठा ट्रायल, एवढी वर्षं, आणि तरी जिन्को डब्यावर आहेच. तिकडेच जेलीफिशमधल्या एका प्रथिनाची गोळी स्मरणशक्तीसाठी म्हणून धडाक्यात खपली, शेवटी २०१७ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनी खोट्या दाव्यांसाठी कोर्टात खेचलं. अरे, प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, तुरीचं वरण असो की जेलीफिश, ते तसंच्या तसं उठून मेंदूत कसं जाईल. हे आमच्या बारावीच्या पोरीलाही माहीत होतं, तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकात आहे ते.

एकदा कामानिमित्त तालुक्याला गेलो तेव्हा तिची अभ्यासिका पाहिली. पत्र्याचं शेड, प्लायवूडचे खोपे, प्रत्येकावर पाण्याची बाटली आणि पोलीस भरतीचा नाहीतर तलाठ्याचा ठोकळा. बाहेर पानठेल्यावर पोरं उभी, कोणी खर्रा घोटून घेतंय, कोणी निळ्या डब्यातलं एनर्जी ड्रिंक. विचारलं तर म्हणे, काका, झोप नाही येत ना यानं, डोकं तेज चालते. आता खोटंही बोलत नव्हती पोरं. तंबाखूतलं निकोटिन लक्ष थोडा वेळ ताणून धरतं हे खरंच आहे, फक्त त्याची किंमत तोंडाच्या कॅन्सरनं द्यावी लागते आणि ती आपल्या भागात किती घरांनी दिलीय हे मोजायला लांब जावं लागत नाही. कॅफिनचंही काम खरं आहे, या सगळ्या यादीत लगेच परिणाम दाखवणारं बहुतेक तेवढं एकच. मेंदू जागा असला की अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, ते जाऊन बसलं की झोप येते, कॅफिन त्याच्या खुर्चीवर आधीच जाऊन बसतं. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप पोचत नाही, एवढंच. आणि घेतलेल्यातलं अर्धं शरीरातून जायला पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री दहाला घेतलेलं पहाटे तीनला अर्धं शिल्लक. झोपेवर १९२४ सालचा एक जुना प्रयोग आहे, दोनच विद्यार्थी होते त्यात, त्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली, आणि मग एकदा झोपू दिलं, एकदा जागं ठेवलं. झोपून उठल्यावर त्यांना जास्त आठवायचं. पुढे शंभर वर्षांत यावर ढिगानं काम झालं आणि मुद्दा तोच राहिला, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. तर झोप मारून वाचायचं आणि मग विसरतं म्हणून गोळी आणायची.

बबली मात्र झोपायची. खरं तर जरा जास्तच झोपायची, पुस्तकावर डोकं ठेवून, दुपारी बसमध्ये, कुठंही. तेच माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते एका गिऱ्हाइकामुळं. जानेवारीत शेजारच्या गावचा एक जण खिशात संत्र्याचं पान घेऊन आला. आमच्याकडे लोक असंच करतात, रुमालात पान, डबीत अळी. पान वरचं, कोवळं, सगळं पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कोणी हिरव्या शाईनं जाळी काढलीय. म्हणे टॉनिकच्या तीन फवारण्या झाल्या, काहीच नाही. मी बघूनच म्हटलं, चुनखडीची जमीन आहे का? होती. हे लोहाच्या कमतरतेचं पान. आता गंमत अशी आहे की आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीनं सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते असं अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. ताटात आहे, तोंडात जात नाही. अशा झाडाला तुम्ही अमिनो द्या, शेवाळ द्या, नाहीतर काजू-बदाम द्या, ते ढिम्म राहतं. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा नियम आम्हाला फर्स्ट इयरलाच शिकवलेला, लाकडी पिंपाची जी फळी सगळ्यात आखूड तिथपर्यंतच पाणी राहतं, बाकीच्या फळ्या कितीही उंच करा. मी त्याला चिलेटेड फेरस दिलं, फवारणीचं प्रमाण लिहून दिलं, तो गेला.

आणि संध्याकाळी घरी, वहिनी ओरडत होती. “काऊन व, पुन्हा कच्चे तांदूळ! पायलीभर तांदूळ फस्त केले या पोट्टीनं!” बबली कोठीजवळ उभी, मुठीत तांदूळ, कडाकडा चावत. मी दिव्याखाली तिचा चेहरा पाहिला. आणि मला ते पानच दिसलं हो. पिवळट, आणि कपाळाच्या शिरा हिरव्या.

कच्चे तांदूळ, खडू, माती, पाटीची पेन्सिल, बर्फ, असलं खायची ओढ लागणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. घराघरात हे दिसतं आणि घराघरात त्याला ‘वाईट सवय’ म्हणून झापतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली आणि काही न बोलता चिठ्ठी लिहिली. हिमोग्लोबिन ८.२. बारा असायला पाहिजे. त्यांनी सिकलसेलचीही, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी लावली, आपल्या विदर्भात ते पाहावंच लागतं, रक्त कमी दिसलं म्हणजे लोहच कमी असं डोळे मिटून धरता येत नाही. ते निघालं नाही. मग खाजगी लॅबमध्ये फेरिटिन केलं, शरीराच्या कोठारात लोह किती आहे ते त्यानं कळतं. १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं धरतात. हिचं सहा.

वहिनी म्हणाली, अशी काय एकटीच आहे का, सगळ्याच पोरी अशा असतात. ते एका अर्थी बरोबरच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त बागेची पानं पिवळी आहेत, म्हणून आपल्याला पिवळा हाच पानाचा रंग वाटायला लागलाय.

आणि खरा कळस पुढेच. तिच्या कंपासमध्ये निळ्या गोळ्यांची आख्खी पट्टी सापडली. किशोरवयीन पोरापोरींना आठवड्याला एक फुकट मिळते ना, ६० मिलिग्राम लोह आणि ५०० मायक्रोग्राम फोलिक अ‍ॅसिड, तीच. “फेकून द्यायच्या आम्ही, शाळेत असताना भिंतीमागं तर निळा ढीग होता,” ती हसत म्हणाली, “मळमळते ना काका, अन् संडास काळी होते, पोरी घाबरतात.” काळी होते हे घाबरण्यासारखं नाही, न शोषलेलं लोह असतं ते, पण हे पोरींना कोणी नीट बसून सांगितलंच नव्हतं, आणि मीही नाही. सोळाशे पन्नासचा डबा घरात आणला मी, आणि फुकटची गोळी कंपासमध्ये गंजत होती.

लोहाचा आणि डोक्याचा संबंध नुसता रक्तापुरता नाही. मेंदूत डोपामिन तयार करणारं जे एन्झाइम आहे त्याला लोह लागतं, मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायलाही लागतं. २००७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १८ ते ३५ वयाच्या बाया, काहींचं लोह कमी, काहींचं ठीक. १६ आठवडे गोळ्या. लक्ष, स्मरण, शिकणं, अशा चाचण्या आधी आणि नंतर. ज्यांचं फेरिटिन वर आलं त्यांचे निकाल सुधारले, आणि ज्यांचं हिमोग्लोबिन वर आलं त्यांचा वेग वाढला. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला स्वतःला एक चापट मारावीशी वाटली. ‘स्मरणशक्ती’ हा शब्द गुगलवर टाकून मी दोन महिने ब्राह्मी आणि जेलीफिश वाचत होतो.

गोळीतल्या दुसऱ्या वस्तूची, फोलिकची, गोष्ट तर मुंबईतली निघाली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज बाई १९२८ च्या सुमारास तिथे आल्या, गिरणीकामगार बायकांमध्ये गरोदरपणात जो जबरी रक्तक्षय व्हायचा तो का होतो ते बघायला, आणि यीस्टच्या स्वस्तातल्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्यातला जो गुण होता तो पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली ती एक दिवसाआड. मला वाटलं पोटाला त्रास नको म्हणून, पण कारण आणखी पक्कं निघालं. लोहाची गोळी गेली की यकृत हेपसिडिन नावाचं एक हार्मोन सोडतं आणि ते आतड्याचं दार साधारण दिवसभर लोटून घेतं, लगेच दुसरी गोळी दिली तर बरीचशी वाया जाते. एक दिवस मध्ये सोडला की शोषण चांगलं होतं, हे २०१७ मध्ये चाचणीत दाखवलंय. आम्ही शेतीवाले याला वाफसा म्हणू. दोन पाण्यांच्या मध्ये जमीन जरा श्वास घेऊ द्यावी लागते, रोज रोज पाट सोडला तर मुळं सडतात.

आणि दुसरं त्यांनी विचारलं, जेवणानंतर चहा घेते का? घेते म्हणजे काय, आमच्या घरात ताट उचलायच्या आधी कप येतो. चहातले टॅनिन जेवणातलं लोह आतड्यातच बांधून टाकतात, शोषण निम्म्याहून खाली येतं. ऐकून मी म्हटलं, म्हणजे ही चुनखडीच झाली की. बाईंना काही कळलं नाही मी काय म्हणतो ते. उलट क जीवनसत्त्व सोबत असलं तर तेच लोह सुटं होतं, लिंबू, आवळा, संत्रं. संत्रं! साडेचारशे झाडं आहेत आमची, ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातं, आणि घरातल्या पोरीच्या गोळीसोबत चहा. दुसऱ्या दिवसापासून गोळी संत्र्यासोबत, चहा दीड-दोन तासांनी. चहा बंद करा म्हटलं असतं तर घरात दंगा झाला असता.

अडीच महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१. तांदूळ चावणं तर त्याच्या किती तरी आधी बंद झालं, तिलाच कळलं नाही कधी. पुस्तकावर झोपणं थांबलं, जिना चढताना धाप लागायची ती थांबली. वाचलेलं राहतं का विचारलं तर म्हणाली, “राहते काका, पण फिजिक्स नाही राहत.” फिजिक्स लोहानं येत नाही, ते खरंच आहे. नीटला मार्क आले, एमबीबीएसला लागतात तेवढे नाही आले, आता परत बसतेय.

एवढं झाल्यावर मी घरात सगळ्यांकडेच पानं बघतात तसं बघायला लागलो, बायको वैतागली होती. पण आमच्या बाबांच्या बाबतीत ते कामी आलं. बाबा म्हणजे बबलीचे आबाजी, वय ७१, महानुभाव पंथाचे, मांसमच्छी आयुष्यात शिवली नाही. विसरायला लागले होते, मोटर सुरू करून यायचे आणि बंद करायची विसरून जायचे, आम्ही म्हणायचो वय झालं. पण बागेत चालताना त्यांची एक चप्पल पायातून निघून मागं राहायची आणि ते दहा पावलं तसेच पुढे जायचे, पायाला कळायचंच नाही. तळपायाला मुंग्या येतात असं ते कधीचे सांगत होते. बी-१२ तपासलं तर १४३, दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. त्यात दहा वर्षांपासून शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू, त्या गोळीनंही बी-१२ चं शोषण कमी होतं. औषध चांगलं आहे, बंद नाही करायचं, फक्त बी-१२ वर लक्ष ठेवायचं.

बी-१२ हे असलं विचित्र जीवनसत्त्व आहे की कोणतंच झाड ते बनवत नाही, बनवतात फक्त जिवाणू. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातलं कोबाल्ट घेऊन ते तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मांसातून मिळतं. १९४८ ला ते वेगळं काढलं, १९५६ ला डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली, तर मध्यभागी खरंच कोबाल्टचा एक अणू बसलेला. माळकरी, महानुभाव, आणि दूधही बेताचंच पिणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी सप्लिमेंट ही काही शहरी चैन नाही, माझ्या मते तर त्याच्या व्रताची ती दुसरी बाजूच आहे. आणि फोलिकची गोळी एकटीच घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण बी-१२ नसल्यामुळं नसा आत खराब होतच राहतात, म्हणून दोन्ही बघावं लागतं.

इंजेक्शनं झाली. चप्पल आता पायात राहते. मोटर मात्र ते अजूनही कधीकधी विसरतात, म्हणजे काही वाटा बी-१२ चा होता आणि काही वाटा एकाहत्तरचा. ऑक्सफर्डला २०१० मध्ये सत्तरीच्या पुढच्या, थोडं विसरायला लागलेल्या माणसांना दोन वर्षं बी गटाची जीवनसत्त्वं दिली तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि सगळ्यात जास्त फायदा ज्यांच्या रक्तात होमोसिस्टिन नावाचं रसायन जास्त होतं त्यांना, म्हणजे ज्यांच्यात मुळात या जीवनसत्त्वांची तूट असण्याची शक्यता जास्त. पुन्हा तीच आखूड फळी. जिमवाल्या पोरांच्या क्रिएटिनचंही तसंच, २००३ च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात ४५ जणांना सहा आठवडे रोज पाच ग्रॅम दिल्यावर स्मरणाच्या परीक्षेत फरक पडला, ते सगळे शाकाहारी होते, आणि क्रिएटिन येतं मांसातून. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा अगदी किरकोळ निघाला.

आता तुम्ही जवसाचं विचारणार, वऱ्हाडातला माणूस विचारणारच. जवसाच्या तेलात ओमेगा-३ निम्म्याहून जास्त आहे, पण ते आखूड साखळीचं, मेंदूत जे बसतं ते लांब साखळीचं डीएचए, आणि आपलं शरीर जवसापासून ते फारच थोडं बनवतं. मासे खाणाऱ्यांना ते आयतं मिळतं. म्हणून जवसाची चटणी खाऊ नका असं नाही, ती मी रोज भाकरीसोबत खातो, चवीसाठी. बदाम? चांगले आहेत, फल्लीदाणेही चांगले आहेत आणि परवडतात. मिठाचं मात्र जरा ऐका, सध्या गुलाबी मीठ, सैंधव, ते आमच्या गावातही आलंय, आणि त्यात बहुतेक वेळा आयोडीन टाकलेलं नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉक्टर रामलिंगस्वामींनी १९५६ पासून जे काम केलं ना, आयोडीनचं मीठ दिल्यावर गलगंड कमी होतो हे दाखवणारं, त्यातूनच देशाचा कार्यक्रम उभा राहिला. आईच्या पोटात असताना आयोडीन कमी पडलं तर लेकराच्या बुद्धीचं होणारं नुकसान पुढे कोणत्याच डब्यानं भरून येत नाही. तेव्हा साधं पुड्यातलं मीठच बरं.

एक भीतीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं म्हणजे लेकरांची बुद्धी खाणारी वस्तू. बुद्धीसाठी पुडी आणायची आणि पुडीतून शिसं आणायचं. म्हणून जत्रेतल्या, बिनलेबलच्या पुड्या तरी घेऊ नका, एवढं कळवळून सांगतो.

चेनवाले गृहस्थ अजून येतात. मागे विचारत होते, डबा संपला असेल ना. म्हटलं आहे अजून. त्यांना सगळं सांगायला बसलो, लोह, फेरिटिन, चहा, तर ते मध्येच म्हणाले, “हे घ्या भाऊ, आमच्याकडं आयर्नचाही डबा आलाय.” बाराशे रुपये.

परवा एक जण आला दुकानात, तरुण पोरगा, नवी बाग. फळ गळून राह्यलं म्हणे, चांगलं एखादं टॉनिक द्या. मी म्हटलं, पान आणलं का? नाही. माती तपासली का कधी? नाही. उद्या पान घेऊन ये, वरचं एक, खालचं एक, मग सांगतो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग शेल्फकडे, मग बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडे, आणि म्हणाला, “काका, वीस किलोमीटरवरून आलो ना. द्या ना एक.”

दिलं. चारशे ऐंशी.